मेलबर्नमध्ये बलून राईड: शहरावरून की यारा व्हॅलीत?

आईबाबा पुण्याहून येतायत, बलून कुठे करू असं एकीने विचारलंय म्हणून लिहितेय.

पैसे? शहराचं तिकीट सहसा जास्त, पण खिशाला कात्री दोन्हीकडे लागतेच. बलून पहाटेच उडतात, त्यामुळे झोपेचं खोबरं पण दोन्हीकडे, व्हॅलीला तर शहरातून तासभर गाडी हाकायची म्हणजे अजून लवकर उठा.

नजारा म्हणाल तर शहरावरून एमसीजी (मेलबर्नचं मोठं क्रिकेट मैदान), यारा नदी, टॉवर सगळं पायाखाली, एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध बलून उडतात अशी ठिकाणं जगात मोजकीच. व्हॅलीत द्राक्षमळे आणि थंडीत धुकं, फोटो भारी येतात. वर वारा लागत नाही कारण आपण वाऱ्याबरोबरच जात असतो, पण बर्नरची (बलूनमधली हवा तापवणाऱ्या ज्योतीची) धग डोक्याला लागते, टोपी घालाच.

कॅन्सल दोन्हीकडे होतं, शहरात जरा जास्त अडतं कारण उतरायला पार्क नाहीतर मैदानच हवं, व्हॅलीत मोकळी शेतं असतात (बूट चिखलाचे होणार हे धरून चाला).

बाबा क्रिकेटवेडे असतील आणि हाताशी एखाद-दोन दिवस जास्तीचे असतील तर शहर. निवांत वीकेंड आणि नंतर वायनरीत नाश्ता हवा असेल तर व्हॅली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र बुकिंगआधी विचारा, बास्केटमध्ये चढून जावं लागतं आणि बलून जमिनीवर टेकताना गुडघे वाकवून बसावं लागतं.