फिरोजा म्हणून घेतला, आतून पांढरा निघाला

मी गेली सहा वर्षं घरी मण्यांचे दागिने करते. कॅबोशॉन घ्यायचा, म्हणजे वर घुमटासारखा आणि मागे सपाट असा पॉलिश केलेला खडा, तो कापडावर चिकटवायचा आणि भोवतीने बारीक काचमण्यांची चौकट विणत न्यायची. धंदा नाही हो, नोकरी सांभाळून रात्रीचं काम, ओळखीत चार सेट जातात आणि त्यातून पुढचं सामान येतं. म्हणून हे जास्त लागलं.

जानेवारीत पुण्यातल्या एका प्रदर्शनात खड्यांचा स्टॉल होता. माणूस बोलायला गोड, "ताई, जयपूरचा डायरेक्ट माल, मधे कोणी नाही." मी फिरोजाचे, म्हणजे निळसर टरक्वॉइज रत्नाचे, सहा खडे घेतले, १८ बाय २५ मिलिमीटरचे, आणि रत्नांचं काम करणाऱ्या ओळखीच्या काकांना दाखवले. ते म्हणाले खरा आहे. आणि खरंच ते सहा खरे होते! त्यानंतर मी तपासणंच सोडून दिलं, फसले ती इथे.

मार्चमध्ये त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, ४० खडे आणि सहा मिलिमीटरच्या मण्यांच्या दहा माळा, सगळे मिळून ११,५०० रुपये पण पैसे आधी, लग्नसराई आहे ताई उद्या दुसरं कोणी उचलेल वगैरे. मी जीपेने पाठवून दिले, बिल मागितलं नाही. पार्सल आलं तर प्रत्येक पुडीत लॅमिनेट केलेलं कार्ड, सोनेरी अक्षरात 'नॅचरल टरक्वॉइज'. कार्डावर लॅबचं नाव नाही, रिपोर्ट नंबर नाही, पण ते बघूनच मला बरं वाटलं. शिवाय सगळ्या खड्यांचा निळा अगदी एकसारखा. ४० खऱ्या फिरोजांत दोन-चार तरी हिरवट निघतात, एखादा फिका निघतो, हे मला माहीत असून मी खूश झाले की सेट मॅचिंग होतील.

मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला वहिनींनी माझा सेट घातला, मधे कॅबोशॉन आणि दोन्ही बाजूंनी त्याच मण्यांची माळ. हॉलमध्ये उकाडा मरणाचा. जेवणाच्या पंगतीपर्यंत वहिनींच्या गळ्याभोवती निळसर रेघ उमटली होती आणि मोतिया रंगाच्या ब्लाउजच्या गळ्याला डाग. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, पदर पुढे ओढून घेतला. मला तिथे उभं राहवेना.

त्या रात्री घरी आल्याआल्या कापसाच्या बोळ्यावर नेलपेंट रिमूव्हर घेतला आणि उरलेल्या खड्यांच्या मागच्या बाजूला घासला, बोळा निळा. एक खडा हातोडीने फोडला, आत खडूसारखा पांढरा, रंग फक्त वरचा पातळ थर. काका म्हणाले हा हाउलाइट, मूळचा पांढरा दगड, त्यावर करड्या शिरा असतात आणि तो रंग पटकन पितो, म्हणून रंगवला की फिरोजासारखा दिसतो. मऊ पण असतो, कठीणपणा मोजायच्या मोह स्केलवर साधारण साडेतीन आणि फिरोजा पाच ते सहा. कटरचं पातं ओढलं तर सरळ चर पडली.

रंगवलेला हाउलाइट विकणं यात वाईट काही नाही, तसं सांगून विका ना. रविवार पेठेत बोहरी आळीत मी वर्षानुवर्षं सामान घेते, तिथला दुकानदार स्वतःहून सांगतो, "ताई हा रंगवलेला आहे, घामाला जपा." त्याला मी महाग म्हणून टाळलं होतं याची आता लाज वाटते.

रिमूव्हरची टेस्ट करणार असाल तर बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलंय का बघा, बरेच आता बिनअ‍ॅसिटोनचे असतात. आणि टेस्ट मागच्याच बाजूला, नाहीतर खऱ्या खड्याचंही पॉलिश किंवा त्यावरचं मेण बिघडू शकतं. रंग नाही सुटला म्हणजे खरा असंही धरू नका, वरून कोटिंग असेल तर बोळा कोराच राहतो. माळ असेल तर मण्याच्या भोकात भिंगाने बघा, तिथे आतला पांढरा डोकावतो किंवा रंग साचलेला दिसतो. हे सगळं चिकटवायच्या आधी करायचं, एकदा खडा कापडावर बसला की मागची बाजू कायमची झाकली जाते, माझ्या नऊ सेटचं तेच झालं. आणि दर लॉटमधला खडा तपासा, पहिला लॉट खरा होता हे विसरून.

त्या स्टॉलवाल्याला फोन केला तर "ताई बघतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण दोन महिने उलटून गेले होते, हा फोन पैसे गेल्यागेल्या करायचा असतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण टाकलंय, तिथे बिल मागितलं आणि माझ्याकडे फक्त चॅटचे स्क्रीनशॉट.

आठ सेट विकले गेले होते, त्या सगळ्या जणींना फोन करून पैसे परत देतेय. पाच जणींचे झाले, तीन बाकी. वहिनींचा ब्लाउज ड्रायक्लीनरकडे आहे, तो म्हणतोय रंग पूर्ण जाईल याची खात्री नाही. असं सोनेरी अक्षरांचं कार्ड कोणाच्या पार्सलमध्ये आलं असेल तर आजच एक मणी फोडून बघा.