फोन घेताना कोणाचं ऐकावं: यूट्यूबरचं की ग्राहकांचं?

माझी भाची या प्रश्नात अडकली आहे; तिला माझं हे उत्तर.

पैसा आधी बघ. यूट्यूबरला फोन बहुतेकदा कंपनीच पाठवते, शिवाय लिंकवरून खरेदी झाली की कमिशन. "लवकर घ्या, स्टॉक संपतोय" हे वाक्य आलं की मी व्हिडिओखालचं वर्णन उघडून 'अफिलिएट' (म्हणजे लिंकवरच्या खरेदीचं कमिशन मिळतं) हा शब्द शोधते. ग्राहक स्वतःचे पैसे मोजतो, पण पाच तारे विकतही मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेला) २०२४ मध्ये त्याविरुद्ध नियम करावा लागला. एकाच दिवशी आलेले, सारख्याच वाक्यांचे अभिप्राय सोडून दे.

वापराचा काळ? यूट्यूबरचा जेमतेम आठवडा, ग्राहकाचे कधीकधी सहा महिने.

कॅमेरा, स्क्रीन ताडून बघायची तर यूट्यूबर, तेही दोघे-तिघे. बॅटरी आणि सर्व्हिसची काळजी असेल, तर ग्राहकांचे तीन तारेवाले अभिप्राय वाच.