क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स (२०००-२००९): उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

स्टीमव्हीलर्स ही अरीना फुटबॉलची, म्हणजे छताखाली छोट्या मैदानात खेळायच्या अमेरिकन फुटबॉलची टीम. बंद पडलेल्या टीमचा रिव्ह्यू कोण वाचणार, असं नवरा म्हणतोय. पण तिकीट काढून दोन सीझन पाहिलेत, तेव्हा बोलणार.

२००८ साली आम्ही इलिनॉयमधल्या मोलिनला आलो. त्याची ट्रॅक्टर कंपनीत नोकरी, मी डिपेंडंट व्हिसावर, मुलगा तीन वर्षांचा. क्वाड सिटीज म्हणजे मिसिसिपीच्या दोन्ही काठांवरची चार शहरं. मोजली तर पाच भरतात, पण ते इथे कुणाला खुपत नाही. गावात नवीन, ओळखी नाहीत, शनिवार खायला उठायचा. त्यात ही टीम सापडली.

मैदान म्हणजे आइस हॉकीच्या रिंकवर अंथरलेलं हिरवं टर्फ. लांबी ५० यार्ड, नेहमीच्या अमेरिकन फुटबॉलच्या निम्मी. एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू, कडेने गाद्या लावलेली भिंत. आणि गोलपोस्टच्या दोन्ही अंगांना ताणून बांधलेली उंच जाळी. बॉल जाळीवर आपटून परत आला तरी खेळ चालूच, जमिनीला लागायच्या आत झेलला की पास पूर्ण. गल्लीत भिंतीवरून आलेला कॅच एका हाताने घेऊन आउट मागणाऱ्यांना हा नियम शिकवावा लागत नाही. मला पाच मिनिटांत कळला. अकरा जणांचा फुटबॉल मला अजून नीट कळत नाही.

पहिली रांग घ्यायची, माझा आग्रह. एकदा पास झेलायला धावलेला गडी भिंतीवरून थेट आमच्यावर आला. माझे नाचोज त्याच्या बाहीवर. "सॉरी मॅम" म्हणाला, चीज तसंच घेऊन पुढच्या डावाला उभा राहिला. या पोरांना मॅचमागे दोनशे डॉलर मिळत, जिंकल्यास वर पन्नास.

तेवढ्यावर कोण खेळेल? कर्ट वॉर्नरमुळे खेळत असावेत, असं मला वाटतं. किराणा दुकानात माल लावणारा हा माणूस आयोवा बार्नस्टॉर्मर्समध्ये हाच खेळ खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोलचा, म्हणजे मोठ्या मैदानावरच्या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वात मोठ्या फायनलचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वसंतात एएफ२ ही अरीना फुटबॉलची धाकटी लीग सुरू झाली, तिच्यात आमची टीम. मालक जिम फॉस्टर, म्हणजे खुद्द या खेळाचा जनक. १९८१ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघताना त्याने मैदानाचं चित्र एका पाकिटावर काढलं होतं. जाळीचं पेटंटही घेतलं, म्हणून इतर इनडोअर लीगना कित्येक वर्षं जाळीशिवाय भागवावं लागलं.

पहिल्याच वर्षी टीम एकही मॅच हरली नाही. फायनल ६८-५९, समोर टेनेसी व्हॅली वायपर्स. हा स्कोअर बास्केटबॉलचा नाही! पुढच्या वर्षीही कप इथेच. आम्ही पोचलो तोवर ते कप जुने झाले होते, तरी शेजारच्या सीटवरच्या आजी दर मॅचला २००० सालापासून सुरुवात करत.

तक्रारी? आवाज. टचडाउन झाला की गाणं, गाणं संपेपर्यंत दुसरा टचडाउन. मुलगा कानावर हात ठेवून बसायचा, पण घरी चला म्हटलं की रडायचा.

मग अरीना फुटबॉलच्या मोठ्या लीगने आर्थिक अडचणीत २००९ चा सीझनच रद्द केला. धाकटीने तो खेळून काढला आणि मग तीही गुंडाळली. काही टीम नव्या लीगमध्ये गेल्या. आमची गेली नाही.

२०१८ पासून त्याच अरीनात त्याच नावाची नवी टीम आहे. तिला चार तारे देईन, पोरं जीव तोडून खेळतात. जुनीला पाच. नवीची पहिली मॅच बघायला गेलो तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. बसल्या बसल्या गोलपोस्टकडे बघून त्याने विचारलं, "आई, जाळी कुठे गेली?"