हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर आणि माझे ७,७९२ रुपये

आधीच सांगतो, मी ऑडिटच्या कामात आहे. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून पोट भरतो. ‘तुम्ही कसे काय फसलात?’ हे घरी, ऑफिसात आणि मेहुण्याकडून पुरेसं विचारून झालंय. इथे नको.

सकाळी साडेपाचला मिक्सर लावला की सगळं घर उठतं. शिवाय मिक्सरचं पातं कॉफीच्या बिया दळत नाही, फोडतं. अर्धा मैदा, अर्धा रवा. मैद्याने कॉफी कडू होते आणि रव्यातून चव उतरत नाही. म्हणून हाताचा ग्राइंडर. दोन आठवडे अभ्यास केला (हो, केला!). हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या सिरॅमिक बरवाल्यांत (बर म्हणजे बिया दळणारे आतले दातेरी भाग) बहुतेकदा मधला दांडा नीट धरलेला नसतो, फिरवताना डुलतो आणि दळण एकसारखं पडत नाही. स्टीलचे बर आणि दांड्याला वर-खाली बेअरिंग असलेला, म्हणजे टाइममोर सी-टूसारखा, घ्यायचा तर पाच-सहा हजार. निव्वळ कॉफी दळायला एवढे पैसे घालायला मन धजेना.

नेमकी तेव्हाच इन्स्टावर जाहिरात आली. तसाच स्टीलचा, जड दिसणारा. ५,९९९ वर काट आणि खाली १,८९९. कॅश ऑन डिलिव्हरीचे वर ४९. वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यायचे तर बुडणार काय, असा माझा हिशोब. मला अजूनही तो अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही. साइटवर पत्ता नव्हता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नव्हतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दोन्ही द्यावं लागतं, हे मला माहीत होतं. बघितलं नाही, एवढंच.

पण खरं पार्सलच्या वेळी कळायला हवं होतं. धातूचा ग्राइंडर चारशे ग्रॅमच्या वर भरतो. हे खोकं मारी बिस्किटाच्या पुड्यासारखं हलकं. वर चिठ्ठी : ‘कुर्ती, १ नग.’ मी डिलिव्हरीच्या पोराला म्हटलं, “अरे, यावर कुर्ती लिहिलंय.” तो म्हणाला, “काका, तसंच येतं.” आणि मी हसलो. हसून १,९४८ रुपये मोजून दिले. आधी उघडू देणार नाही म्हणाला, त्यावरही मान डोलावली. चिठ्ठीवर भलतीच वस्तू दिसली की पार्सल दारातूनच परत पाठवा. पोरगं चिडेल, चिडू दे.

आत प्लास्टिकचा नळा निघाला, सिरॅमिकचे बर. दांडा चिमटीत धरला तर दुधाच्या दातासारखा हलत होता.

इथेच थांबलो असतो तरी बरं होतं. साइटवरच्या ईमेलला पाठवलेलं पत्र परत आलं, म्हणून नेटवर त्यांचा कस्टमर केअर नंबर शोधला. पहिला दिसला तोच लावला. “सर, आप टेन्शन मत लीजिए, क्यूआर भेजता हूँ, स्कॅन करके पिन डालिए, रिफंड आ जाएगा.” इतक्या अदबीने अलीकडे माझ्याशी कुणी बोललेलं नाही. पिन टाकला. १,९४८ गेले. “सर्व्हर से उल्टा हो गया, सर. अब डबल का भेजता हूँ, दोनों साथ में आएँगे.” ३,८९६. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘पे’ लिहिलं होतं. खाली कुणा माणसाचं नाव. मी वाचलं. वाचून पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, हे मी स्वतः आईला दहादा सांगितलेलं आहे.

बँकेत म्हणाले, “पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत.” खुर्चीसुद्धा दिली नाही. चौकीत हवालदाराने अर्ज वाचला, वर बघितलं आणि विचारलं, “हाताने दळायचं? घरी मिक्सर नाही का?” मग बाजूच्याला बोलावून त्यालाही वाचून दाखवलं. सायबरला जा म्हणाले. तिथे म्हणाले, आधी तुमच्या हद्दीतून लेखी आणा. हद्दीत परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. तीन अर्ध्या रजा गेल्या. शेवटी एकजण समजावणीच्या सुरात म्हणाला, “रक्कम किरकोळ आहे हो.” किरकोळ आहे तर तुम्ही द्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. झेरॉक्सचे ३६ रुपये वेगळे, ते मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढे सरकण्याआधी. मी दोन दिवस लाजेत घालवले, बायकोला काय सांगू या विचारात. तुम्ही बायकोला नंतर सांगा, आधी फोन लावा.

चिकमगळूरच्या बियांचं पाव किलोचं पाकीट तसंच पडून होतं. परवा ते घेऊन, जिथून आणलं होतं त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मोका पॉटसाठी (गॅसवर कॉफी करायचं भांडं) हवी तशी दळून दिली, फुकट. पाकीट घेतलं त्या दिवशीही त्याने विचारलं होतं, “दळून देऊ का?” मी म्हटलं होतं, “नको, ग्राइंडर मागवलाय.”