तलाव १ लाख लिटरचा, बिले मात्र १ लाख ९४ हजार लिटरची

जलतरण तलावाच्या देखभालीची जवळजवळ सगळी बिले शेवटी एकाच आकड्यावर उभी असतात, तो म्हणजे तलावात पाणी किती मावते. टँकर किती लागतील, क्लोरीन किती टाकायचे, पंप केवढा बसवायचा, वार्षिक कराराची रक्कम काय, हे सगळे त्यावरूनच ठरते. त्यामुळे तो एक आकडा फुगवला, की पुढची बिले एकेक करून तपासली तरी त्यांत खोट सापडत नाही, कारण गुणाकार बरोबरच असतो. आमच्या सामायिक तलावाच्या बाबतीत हेच झाले, आणि ज्या पद्धतीने झाले ती इतकी साधी आहे की दुसरीकडेही सहज खपून जाईल. म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

आमचा तलाव आयताकृती असून आतून १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. उथळ बाजूला पाण्याची खोली ०.९ मीटर, तर खोल बाजूला २.१ मीटर आहे. पाण्याची पातळी काठापासून १५ सेंटिमीटर खाली राहते, कारण पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारे स्किमरचे तोंड त्याच उंचीवर आहे. कंत्राटदाराने आमच्यासमोर फीत धरली, ती खोल बाजूला, आणि तीही काठापासून तळापर्यंत. माप निघाले २.२५ मीटर. तेवढीच खोली संपूर्ण तलावाला लावून त्याने १२ गुणिले ६ गुणिले २.२५ असा हिशेब केला आणि १६२ घनमीटर, म्हणजे १ लाख ६२ हजार लिटर, हा आकडा काढला. उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात मुले उभी राहतात, तिथेही या हिशेबाने माणूस बुडेल एवढे पाणी होते.

एवढ्यावर तो थांबला असता, तर वाढ साठ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. पण दरपत्रकात त्याने लिटरचा आकडा दिलाच नाही. ‘४२,८०० गॅलन’ असे लिहिले. गॅलन दोन प्रकारचे असतात. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. १ लाख ६२ हजार लिटरचे अमेरिकी गॅलन केले की ४२,८०० भरतात, आणि करारात तेच गॅलन ब्रिटिश धरून पुन्हा लिटरमध्ये आणले की १ लाख ९४ हजार ५०० लिटर होतात. लिटरमधून गॅलनमध्ये आणि गॅलनमधून परत लिटरमध्ये अशा एका फेरीत पाणी वीस टक्के वाढले. कोणता गॅलन, हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. खोलीच्या मापाला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल, पण या फेरीला माझ्या मते तसे म्हणता येत नाही.

पहिला फटका टँकरच्या बिलाचा. दहा हजार लिटरचे वीस टँकर लावले होते, विसावा अर्धा वापरल्याच्या टिपेसह. त्या टिपेमुळे तर बिल फारच प्रामाणिक वाटले. प्रत्यक्षात दहा टँकर आणि वर थोडे पाणी एवढ्यात तलाव भरतो.

लबाडी उघड झाली ती मात्र रसायनांमुळे. उन्हाने क्लोरीन लवकर उडून जाऊ नये म्हणून पाण्यात सायन्युरिक आम्ल टाकतात, आणि आमच्या करारात त्याचे प्रमाण १ हजार लिटरला ४० ग्रॅम ठरले होते. कंत्राटदाराने त्याच्या हिशेबाने पावणेआठ किलोंहून थोडे अधिक टाकले. पुढे पाण्यात क्लोरीनचे माप व्यवस्थित दिसत असूनही भिंतींवर हिरवट, बुळबुळीत थर धरू लागला. पाणी बाहेरून तपासून घेतले, तेव्हा सायन्युरिक आम्ल ठरलेल्या प्रमाणाच्या दुपटीच्या आसपास निघाले. हे आम्ल वाजवीपेक्षा जास्त झाले की क्लोरीन असूनही त्याचा जोर कमी पडतो, आणि ते सहजासहजी कमीही होत नाही. जवळपास निम्मे पाणी काढून नवे भरावे लागते. हा उपाय सुचवणाराही तोच आणि त्यासाठी टँकर आणणाराही तोच, हे ओघाने आलेच.

टाकलेले रसायन मोजून दिलेले होते आणि पाण्यातले प्रमाण दुप्पट होते, याचा अर्थ पाणीच निम्मे असले पाहिजे. म्हणून आम्ही तळाचा उभा छेद कागदावर काढून हिशेब पुन्हा केला. तळ सलग उतरता नाही. पहिले ५ मीटर तो ०.९ मीटर खोलीवर सपाट आहे, पुढच्या ४ मीटरमध्ये उतार आहे आणि शेवटचे ३ मीटर २.१ मीटर खोलीवर पुन्हा सपाट आहेत. पहिल्या भागात २७ घनमीटर, उताराच्या भागात सरासरी खोली १.५ मीटर धरून ३६ घनमीटर, शेवटच्या भागात ३७.८ घनमीटर, एकूण १००.८ घनमीटर, म्हणजे १ लाख ८०० लिटर. पाण्याखालच्या पायऱ्यांनी अडवलेली जागा अर्ध्या घनमीटरच्या आसपास भरते, तिच्यावरून कोणाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कंत्राटदाराला आमचा हिशेब मान्य नव्हता, म्हणून त्याच्याच समक्ष मिठाची चाचणी घेतली. पाण्यातील मिठाचे प्रमाण दाखवणाऱ्या मीटरवर आधी नोंद घेतली, ५० किलो शुद्ध मीठ विरघळवले, पंप चोवीस तास चालवून पाणी पूर्ण मिसळू दिले आणि पुन्हा नोंद घेतली. तलाव त्याच्या म्हणण्याएवढा असता, तर दर लिटरमागे सुमारे २५७ मिलिग्रॅमची वाढ दिसायला हवी होती. आमच्या हिशेबाने ४९६ची. मीटरवरची वाढ पाचशेच्या जवळ होती. ही चाचणी करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की दोन नोंदींच्या मध्ये तलावात नवे पाणी येणार नाही आणि फिल्टर उलटा धुतला जाणार नाही. नाहीतर समोरच्याला पळवाट मिळते.

पंपाचे नुकसान मात्र भरून निघालेले नाही. सहा तासांत सगळे पाणी एकदा गाळून निघावे, या हिशेबाने तासाला १७ घनमीटरचा पंप पुरेसा होता. त्याने ३२ घनमीटरचा बसवला. फिल्टर जुनाच असल्यामुळे वाळूतून पाणी इतक्या वेगाने जाते की बारीक गाळ अडकत नाही, आणि वीज जास्त जळते ती वेगळीच.

शेवटी त्याने ‘टंकलेखनातील चूक’ असे कारण देऊन सुधारित कागद पाठवला. त्यात गॅलन नव्हते आणि खोलीही सरासरी धरलेली होती. मात्र ती सरासरी १.०५ आणि २.२५ मीटरची होती, म्हणजे माप पुन्हा काठापासूनच, आणि सपाट भाग सोडून तळ सलग उतरता मानलेला. उत्तर आले ११८.८ घनमीटर, अजूनही १८ घनमीटर जास्त. आम्ही तो कागद छेदाच्या आकृतीसह परत पाठवला आणि उरलेला हप्ता रोखून धरला आहे.