स्विफ्टला कोन फिल्टर लावला, मग काढला: अकरा महिन्यांचा अनुभव

गाडी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ चं चार सिलिंडर इंजिन, कागदावर ८३ पीएस आणि ११३ एनएम, काम सुरू केलं तेव्हा ५८ हजार किमी झालेले. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला घरी जातो. एसी चालू, चार माणसं, डिकीत सामान असलं की खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरवर गाडी दमायची, दुसरा टाकावाच लागायचा. हे फार खटकायचं कारण नवी होती तेव्हा हाच चढ तिसऱ्यावर आरामात काढायची. तेव्हा सगळीकडे एकच सल्ला मिळाला, इंटेक (इंजिनात हवा जाण्याची वाट) मोकळा कर, कोन फिल्टर, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर लाव.

जानेवारीच्या शेवटी लावला. फिल्टर, ॲल्युमिनियमचा पाईप, क्लॅम्प आणि मजुरी धरून साडेपाच हजार. तासाभराचं काम, कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) पूर्ण बाहेर आणि फिल्टर बोनेटखाली उघडा. आवाज मात्र मस्त, साडेतीन हजार आरपीएमच्या वर इंजिन जो श्वास घेतं तो केबिनमध्ये ऐकू येतो, आणि पहिले दोन आठवडे मला खरंच वाटत होतं की पिकअप वाढलाय. आवाज वाढला की गाडी जास्त पळतेय असं कानाला वाटतं, मापल्याशिवाय खरं कळत नाही.

म्हणून ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घेतला आणि मोबाईलवर इंटेक टेम्परेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघायला लागलो. एप्रिलमधली दुपार, बाहेर ३७ डिग्री, कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं रांगत होतो, आकडा ६६! सिग्नल सुटून गाडी पळायला लागली तरी तो पन्नासच्या खाली यायला बराच वेळ घ्यायचा. कंपनीचा एअरबॉक्स असताना हवा पुढच्या जाळीजवळून येते, बंद डब्यातून जाते, रेडिएटर आणि एक्झॉस्टची धग तिला थेट लागत नाही. नंतर तो परत बसवून तशाच ट्रॅफिकमध्ये बघितलं तर ४८ च्या वर गेला नाही. (तेव्हा ऊन थोडं कमी होतं हे मान्य, पण अठरा डिग्रीचा फरक काही उन्हाचा नाही.) साधा हिशोब असा की हवा तीन डिग्री तापली की ती साधारण एक टक्का विरळ होते, म्हणजे अठरा डिग्रीला पाच-सहा टक्के हवा कमी. शिवाय हवा गरम दिसली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटणं टाळायला ठिणगीचं टायमिंगही मागे घेतो, आणि ताकद कमी होते. म्हणजे पैसे देऊन मी इंजिनला गरम हवा पाजत होतो, आणि तीही नेमकी ट्रॅफिकमधून निघताना, जिथे पिकअप लागतो.

दुसरं म्हणजे हे १२०० सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला तीन-साडेतीन हजार लिटर हवा ओढतं, आणि तेवढ्यासाठी कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर पुरतो. रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडप (ॲक्सिलरेटर दाबला की उघडते ती) अर्धीसुद्धा उघडत नाही, खरी अडवणूक तिथेच असते. नळ अर्धा बंद ठेवून टाकीचा पाईप मोठा केला तर बादली काही लवकर भरत नाही. टर्बो गाडी, ट्यून केलेली, तिथे गोष्ट वेगळी, पण साध्या इंजिनात ट्यूनशिवाय नुसत्या फिल्टरने फार काही होत नाही.

जूनच्या आधी एकाने सुचवलं की पाईप लांब करून फिल्टर बंपरमध्ये खाली ने, थंड हवा मिळेल. मिळेल, पण पाणीपण मिळेल. आपल्याकडे एका तासाच्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं. कृपा करून पावसाळ्याच्या भागात हे करू नका.

जूनच्या मध्यात सगळं काढलं. काढताना फिल्टर आणि इंजिनच्या मधल्या पाईपमध्ये पांढरा कपडा फिरवला तर तो करडा झाला, म्हणजे बारीक धूळ आत जात होती, साडेचार महिने. हे बघून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आणि मग सापडलं खरं कारण. जुना एअरबॉक्स बसवताना गॅरेजवाल्या काकांनी दाखवलं की त्याची एक क्लिप आधीपासूनच तुटलेली होती, झाकण नीट बसतच नव्हतं, आणि तोंडाच्या पाईपात वाळलेली पानं आणि चिखल. आधीच्या कुठल्यातरी सर्व्हिसला कोणीतरी तसंच लावून दिलं होतं. काका म्हणाले, "आधी आहे ते नीट करू, मग बघ." क्लिप नवी, नवा कागदी फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ (काळी पडली होती), चार स्पार्क प्लग नवे. सगळं मिळून अडीच हजाराच्या आत.

सकाळी सहाला, एकाच मोकळ्या सरळ पट्ट्यावर, एकटा, एसी बंद, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० किमी, प्रत्येकी पाच वेळा: सगळ्यात आधी, काही न बदलता ९.३ सेकंद, कोनवर ९.२, आणि या साफसफाईनंतर ८.७.

सप्टेंबरपासून एअरबॉक्समध्येच बसणारा धुता येणारा कॉटनचा पॅनल फिल्टर आहे. वेळ ८.७ च, काही फरक नाही. धुवायचा तर सावलीत पूर्ण वाळू द्यायचा, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कापूस फाटतो, आणि फिल्टरला लावायचं तेल थेंबाथेंबाने सारखं पसरवायचं. ज्यांच्या गाडीत मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे त्यांनी जास्त तेल अजिबात नको, त्याच्या तारेवर जाऊन बसतं आणि रीडिंग चुकतं.

ॲव्हरेज तिन्ही वेळा १७-१८ च. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच दाखवलं होतं की इंजेक्शनवाल्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरनेसुद्धा ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंग बघून ईसीयू हवेप्रमाणे पेट्रोल जमवून घेतो म्हणून.

वॉरंटीत गाडी असेल तर आधी विचारून घ्या. सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही.

गेल्या शनिवारी आई-बाबा, ताई, तांदळाचं पोतं डिकीत, एसी चालू, खंबाटकी तिसऱ्यावर चढली. पॅनल फिल्टर मार्चमध्ये पहिल्यांदा धुणार आहे, तेव्हा पाईपमध्ये परत पांढरा कपडा फिरवणार, थोडा जरी करडा आला तरी कागदी फिल्टरवर परत.