लग्नघरात रुक्मिवधाचं आख्यान : आम्ही ठेवलेल्या एका कीर्तनाबद्दल

भाचीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजन आटोपल्यावर, आम्ही नारदीय कीर्तन ठेवलं होतं. डीजे नको, ऑर्केस्ट्रा नको, हे घरात लवकर ठरलं. आख्यान कोणतं, यावर मात्र शेवटपर्यंत वाद झाला. बुवा विदर्भातलेच, चाळिशीतले, पेटी आणि तबल्याची साथ सोबत घेऊन येणारे. त्यांना नाव कुठे छापलेलं आवडत नाही, म्हणून इथे देत नाही. अमरावती-वर्ध्याकडच्या कुठल्याही कीर्तनप्रेमी माणसाला “बलरामाचं आख्यान करणारे बुवा” असं विचारलंत तर पत्ता लागेल.

तारीख विचारायला फोन केला तेव्हाच मला त्यांचं वेगळेपण जाणवलं. बहुतेक जण वेळ काय आणि माइक कोणाचा, एवढंच विचारतात. यांनी विचारलं, “दोन्हीकडची माणसं काय करतात?” मी सांगितलं, मुलीच्या वडिलांचा दुधाचा व्यवसाय आहे, मुऱ्हा म्हशींचा गोठा आहे, मुलाकडचे नागपूरचे, घरात दोन पिढ्यांची सरकारी नोकरी. फोनवर थोडा वेळ शांतता, मग म्हणाले, “ताई, रुक्मिणीस्वयंवर सगळेच करतात. त्याच्या पुढचं करू का? भोजकटातलं?”

सोयरीक जुळताना मुलाकडच्या एका दूरच्या पाहुण्याने “दूधवाल्यांची पोरगी” असा शब्द काढला होता आणि तो आमच्या कानावर आला होता. नवऱ्या मुलाने आणि त्याच्या आईने त्या माणसाला तिथेच गप्प केलं, हे त्यांचं मोठेपण. तरी माझ्या बहिणीच्या मनातून तो शब्द गेला नव्हता. बुवांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं दूध ऐकलं आणि आख्यान निवडलं.

आमच्या थोरल्या काकांचा कडक विरोध. “लग्नघरी वध सांगायचा? तोही वधूच्या आजोबांचा?” आक्षेप अगदीच गैर नव्हता, कारण ही कथा खरंच तशी आहे. श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध आणि रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याची नात रोचना यांचं लग्न, ठिकाण रुक्मीचं भोजकट नगर, आणि त्याच मंगल सभेत बलरामाच्या हातून रुक्मी मारला जातो. भागवताच्या दशम स्कंधात एकसष्टाव्या अध्यायात ही हकिगत आहे, फार थोड्या श्लोकांत. कीर्तनांत ती क्वचितच येते. रुक्मिणीचं हरण, कृष्णाचा रथ, द्वारकेतलं लग्न, की आरती! एकनाथ महाराजांच्या रुक्मिणीस्वयंवराने आपल्याकडे ती गोडी घरोघर नेली आणि ते योग्यच झालं. पण दुखावलेल्या भावाचं पुढे काय झालं, ते कोणी सांगत नाही. काकांना मी एवढंच म्हटलं की ऐकून बघू; आणि बुवांना विनंती केली की शेवट मंगलाष्टकाच्या चालीवर करा. ती त्यांनी मान्य केली.

पूर्वरंग, म्हणजे अभंगावरच्या निरूपणाचा पहिला भाग, बेताचा. तुकोबांचा अभंग, मानापमानावर निरूपण, दृष्टांत जुनेच. गळा तापायला वेळ लागला आणि वरच्या पट्टीत आवाज दोनदा फाटला. बुक्का लागला, हार घातला गेला, नामघोष झाला, आणि उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, हा माणूस एकदम बदलला.

सुरुवात त्यांनी आपल्या मातीपासून केली. रुक्मिणीचं माहेर कुंडिनपूर, म्हणजे तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, जिथून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. अमरावतीच्या अंबादेवीचं नाव घेतलं तेव्हा अर्ध्या बायकांनी बसल्याजागी हात जोडले. मग भोजकट. हरणाच्या वेळी पाठलाग करणाऱ्या रुक्मीला कृष्णाने पकडलं, त्याच्याच वस्त्राने बांधलं आणि त्याचे केस व मिशा वेड्यावाकड्या भादरल्या. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती फसली, म्हणून त्याने परत न जाता नवं नगर वसवलं, तेच भोजकट. आमच्याकडे भातकुली म्हणजेच भोजकट असं मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या, चम्मक गावी सापडलेल्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे, हेही बुवांनी जाता जाता सांगितलं. ताम्रपटाचा दाखला देणारा कीर्तनकार मी पहिल्यांदाच ऐकला. मुलाकडची तरुण मंडळी तोवर मोबाइलमध्ये होती, ती इथे मान वर करून बसली.

आख्यानाची खरी किल्ली त्यांनी इथेच हातात दिली. बांधलेल्या रुक्मीला सोडवलं कोणी? बलरामाने. स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या आणि धाकट्या भावालाच बोल लावला, की आप्ताला असं विद्रूप करणं हे त्याला मारण्यासारखंच आहे, हे तू वाईट केलंस. मग रडणाऱ्या रुक्मिणीची समजूत घातली. बुवांनी ही साकी (कीर्तनातला एक पद्यप्रकार) सावकाश, शब्द सुटे सुटे करून म्हटली. ज्याने सोडवलं त्याच्याच हातून पुढे तो मरणार आहे, हे श्रोत्यांना आधी कळलेलं असतं. मला ही मांडणी फार मोलाची वाटली, कारण एरवी बलराम म्हणजे डोक्यात राख घालून घेणारा गडी, एवढंच त्याचं सोंग आपल्याला दाखवलं जातं.

मधली वर्षं त्यांनी भरभर नेली. वैर मनात ठेवूनही रुक्मीने बहिणीला बरं वाटावं म्हणून आपली मुलगी रुक्मवती प्रद्युम्नाला दिली, पुढे नात रोचना अनिरुद्धाला दिली. हे नातं धर्माला धरून नाही, हे तो जाणत होता असं भागवत म्हणतं. मामेबहिणीशी लग्न हा विषय आमच्या मांडवात जिव्हाळ्याचा असल्याने इथे बरीच कुजबुज झाली. बुवा त्यात अडकले नाहीत, ते बरं.

लग्न पार पडल्यावर कलिंगराजा आणि त्याच्यासारखे काही राजे रुक्मीच्या कानाला लागतात. बलरामाला फासे कळत नाहीत, पण नाद मोठा आहे. त्याला खेळात हरव. पट मांडला जातो. बलराम शंभर लावतो, हजार लावतो, दहा हजार लावतो, आणि तिन्ही डाव हरतो. कलिंगराजा दात विचकून मोठ्याने हसतो. मग रुक्मी लाखाचा पण लावतो. बलराम जिंकतो आणि रुक्मी म्हणतो, मी जिंकलो. बलराम पर्वकाळच्या समुद्रासारखा खवळतो आणि दहा कोटींचा पण लावतो. पुन्हा जिंकतो. पुन्हा रुक्मी म्हणतो, मीच जिंकलो, विचारा या पंचांना. तेव्हा आकाशवाणी होते, की डाव बलरामाचा, रुक्मी खोटं बोलतो आहे. आकाशवाणीला बुवांनी आवाज घुमवला नाही की माइकची करामत केली नाही. झांज आणि तबला थांबवला आणि साध्या बोलण्याच्या आवाजात ते वाक्य म्हटलं.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली. बलरामाचे डोळे या प्रसंगात लाल आहेत, पण भागवत म्हणतं ते जन्मजातच लाल. या अध्यायात मद्याचा शब्द नाही. बलराम आणि वारुणी, म्हणजे मद्य, यांची जोडी एवढी पक्की बसली आहे की कीर्तनकार इथेही त्याला झिंगवतात, आणि तसं केलं की अपमान करणारा सुटतो. दोष पिणाऱ्याच्या माथी जातो. हा खुलासा मला फार पटला.

मग ते वाक्य. आकाशवाणी ऐकूनही रुक्मी हसत म्हणतो, तुम्ही गुराखी, रानात फिरणारी माणसं, तुम्हाला फाशांतलं काय कळणार? फाशांनी आणि बाणांनी राजे खेळतात, तुमच्यासारखे नव्हे.

इथे सोपा रस्ता असा, की बलराम तर वसुदेवाचा मुलगा, अस्सल यादव क्षत्रिय, फक्त गोकुळात वाढला, असं सांगून श्रोत्यांचं समाधान करायचं. मी दुसऱ्या एका कीर्तनात नेमकं हेच ऐकलं आहे. आमच्या बुवांनी ते केलं नाही. ते म्हणाले, “बलरामदादाने कुळ सांगितलं नाही. मी गुराखी नाही, असं तो म्हणाला नाही. नंदाच्या घरचं दूध पिऊन तो वाढला, आयुष्यभर खांद्यावर नांगर वागवला. गुराखी म्हणणं ही शिवी आहे, हेच त्याला मान्य नव्हतं. मग खुलासा कसला करायचा?” माझे भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वळून बहिणीकडे पाहिलं आणि तिने डोळ्यांना पदर लावला. या एका परिच्छेदासाठी मी हे कीर्तन पुन्हा ठेवीन.

वधाचा भाग आवरता होता. परिघाचा, म्हणजे लोखंडी सोट्याचा, एक घाव, संपलं. रक्तपाताची वर्णनं नाहीत, अंगविक्षेप नाहीत. मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की विष्णुपुराणात बलराम रुक्मीला फाशांच्या पटानेच मारतो. खोट्या डावाला तेच शस्त्र जास्त शोभतं असं त्यांना स्वतःला वाटतं, पण कीर्तनात एकच ग्रंथ धरायचा हा त्यांचा नेम. मला मात्र वाटतं, हा पाठभेद त्यांनी सांगायलाच हवा होता.

माझी खरी नाराजी कलिंगराजाच्या दातांबद्दल आहे. पळून जाणाऱ्या कलिंगराजाला बलराम दहाव्या पावलावर गाठतो आणि हसताना दाखवलेले दात पाडतो. ग्रंथात हे एका श्लोकात आहे. बुवांनी त्यावर दहाएक मिनिटं नक्कल केली, बोळक्या तोंडाने बोलून दाखवलं. मुलं खदखदून हसली, आणि नुकतीच जमलेली सगळी घडी विस्कटली. कोणाच्या हसण्यावरून एवढं रामायण घडलं, तिथे श्रोत्यांना त्याच तऱ्हेने हसवायला नको होतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मुलांसाठी थोडं लागतं असं त्यांचं म्हणणं आहे.

दुसरी उणीव रोचनेची. तिच्या लग्नात तिचे आजोबा मारले गेले आणि लगेच तिला रथात बसवून द्वारकेला नेलं. पुराण तिच्याबद्दल काही बोलत नाही, हे खरं. पण कीर्तनकाराला मोकळीक असते. रुक्मिणीसाठी त्यांनी ती घेतलीच: भाऊ मेला, मारणारा दीर, आणि नवरा बरं-वाईट काहीच बोलत नाही, कारण बोललं तर बायकोचं मन तुटेल किंवा भावाचं. कृष्णाचं ते गप्प बसणं भागवतातच आहे. त्यावर बुवांनी दिंडी वृत्तातलं एक पद रचलं आहे, स्वतःचं, आणि ते उत्तम आहे. वधूसाठी तशी एकही ओळ नव्हती, आणि समोर तर आमची वधू मेंदीचे हात मांडीवर ठेवून बसली होती.

काकांनी आरतीनंतर बुवांना नमस्कार केला आणि स्वतः दक्षिणा वाढवून दिली. त्यांचा आक्षेप मिटला की नाही ते ठाऊक नाही; जेवताना ते म्हणाले, रुक्मीला त्याच्या घरच्या कोणीच आधी अडवलं नाही हे वाईट. तो शब्द काढणारा पाहुणा कीर्तनाला होता की नाही, हे मी शोधलं नाही.

आता ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी. मानधन साथीदारांसह १५,००० रुपये ठरलं, प्रवासखर्च वेगळा, ध्वनिव्यवस्था आपली. माइक दोन नव्हे, तीन लावा. आमच्याकडे तबल्याला माइक नव्हता आणि कटाव (जलद लयीतलं पद्य) चालू असताना मागच्या रांगांना ठेका ऐकूच येत नव्हता. वेळ अडीच तास धरा, जेवणं त्याआधी उरकून घ्या. लग्नाच्या दिवशी ठेवू नका, मुहूर्ताच्या गडबडीत हे आख्यान वाया जाईल. आदली संध्याकाळच बरी. अगदी लहान मुलं पुष्कळ असतील तर रुक्मिणीस्वयंवरच सांगा, तेही ते छान करतात. आणि तारीख ठरवताना रोचनेवर दोन ओव्या रचा म्हणून सांगा. मी सांगून ठेवलं आहे, आणखी दोघाचौघांनी सांगितलं तर ते नक्की करतील.